बांधापलीकडच्या गोगलगायी

2022 च्या जुलै महिन्यात मी माझ्या शेतातल्या दोन घमेली गोगलगायी वेचल्या आणि ओढ्यात नेऊन टाकल्या. गोगलगायींच्या बंदोबस्तासाठी आमच्या गावाने पुढे जे काही केले त्याची हकिकत मी या चुकीपासूनच सुरू करतो, कारण गावकऱ्यांशी बोलताना मला सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला.

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात आमची साडेचार एकर काळी जमीन आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि शेतीही पाहतो. त्या वर्षी जूनच्या अखेरीस सोयाबीन पेरले, उगवण चांगली झाली आणि मग झड लागली. सूर्य दिसेना, रानात पाय ठेवता येईना. चार दिवसांनी पाऊस जरा ओसरल्यावर शेतात गेलो, तर ओढ्याच्या बाजूची तासच्या तास मोकळी झाली होती. रोपे उपटलेली नव्हती, पिवळी पडलेली नव्हती. जमिनीलगत कुरतडून खाल्लेली होती आणि ओल्या मातीवर वाळलेल्या चिकाचे चकाकणारे माग उमटले होते. हरणे किंवा रानडुकरे असावीत, असा माझा पहिला तर्क होता. रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन गेलो तेव्हा उलगडा झाला. प्रकाशाच्या गोलात एका वेळी दहा-बारा गोगलगायी दिसत होत्या. बोटभर लांबीचे, टोकाकडे निमुळते, तपकिरी पट्ट्यांचे शंख पाठीवर घेऊन त्या सावकाश रोपांवर चढत होत्या, आणि त्यांच्या वजनाने दुपानी रोप वाकून मातीला टेकत होते.

ही शंखी गोगलगाय आपल्याकडची नाही. तिचे मूळ पूर्व आफ्रिकेत आहे. 1847 साली विल्यम बेन्सन या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून दोन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि तेथील एका बागेत त्या सोडल्या गेल्या, असा तिच्या भारतातील आगमनाचा इतिहास सांगितला जातो. ती पाचशेहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाऊ शकते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे प्रत्येकच अंडी घालते. एकदा मीलन झाले की ते बीज ती दीर्घकाळ शरीरात साठवून ठेवते, म्हणजे एकटी उरलेली गोगलगायसुद्धा पुढे कित्येकदा अंडी घालू शकते. ऊन वाढले की ती मातीत किंवा दगडाखाली शिरते, शंखाचे तोंड चुन्यासारख्या पांढऱ्या पापुद्र्याने बंद करते आणि अनेक महिने काही न खाता पडून राहते.

त्या रात्री मला यातले फारच थोडे ठाऊक होते. समोर दिसेल ते वेचले, दोन घमेली भरली. ठेचणे जिवावर आले, म्हणून ती ओढ्यात रिकामी केली आणि मोकळ्या मनाने घरी आलो. सकाळी बैल पाण्यावर नेताना पाहिले, तर त्यांतल्या कित्येक काठच्या झुडपांवर चढून बसलेल्या होत्या. पंधरा दिवसांत ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या चुलत्यांच्या शेतात नुकसान सुरू झाले. ते माझ्याच गोगलगायींनी केले असे मी सिद्ध करू शकत नाही, पण तसे नव्हते असेही मला म्हणवत नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, गावातल्या बहुतेकांनी हेच केले होते. कोणी त्या रस्त्यावर फेकल्या होत्या, कोणी शेजारच्या पडीक रानात. ज्याने त्याने आपली पीडा बांधाच्या पलीकडे टाकली होती.

आम्ही दुबार पेरणी केली. एकरी 30 किलोची पिशवी पुन्हा विकत घेतली आणि तीही निम्मी गोगलगायींच्या पोटात गेली. लातूर, बीड आणि त्या वेळचा उस्मानाबाद या तिन्ही जिल्ह्यांत त्या हंगामात हीच स्थिती होती. पुढे शासनाने या नुकसानीसाठी शेतकऱ्यांना मदतही दिली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने केलेल्या शिफारशी कृषी सहाय्यकांनी गावात वाचून दाखवल्या. सायंकाळी आणि पहाटे गोगलगायी हाताने वेचाव्यात आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून माराव्यात, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात ठिकठिकाणी अंथरावीत आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी उचलाव्यात, बांधालगत चुन्याचा पट्टा टाकावा, मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या विषाच्या गोळ्या जपून वापराव्यात, असा तो सल्ला होता. सल्ला अगदी योग्य होता. तरीही त्या वर्षी तो उपयोगी पडला नाही, आणि त्याचे कारण मला माझ्याच शेतात सापडले.

मी सलग आठ रात्री वेचणी केली. तिसऱ्या रात्री संख्या निम्म्यावर आली आणि पाचव्या रात्री पुन्हा पहिल्याइतकी झाली. माझ्या शेताला लागून दोन एकरांचा एक पडीक तुकडा आहे. मालक पुण्याला असतात, जमीन बटईने द्यायची राहिली होती, आणि कमरेएवढ्या गवतात दगडांचे जुने ढीग होते. गोगलगायी दिवसा तिथे आणि रात्री माझ्याकडे असत. मी माझे शेत कितीही निगुतीने वेचले तरी बांध हा माझ्या आणि शेजाऱ्याच्या सातबाऱ्यापुरता होता, त्यांच्यासाठी नव्हता. आठव्या रात्री मी वेचणी थांबवली. हे काम गावाने एका वेळी केले तर होईल, एरवी होणार नाही, हे मला तेव्हा पटले.

पटणे आणि पटवणे यांत मात्र जवळजवळ एक वर्ष गेले. पीक डोळ्यांदेखत जात असते तेव्हा लोक ऐकायला तयार असतात, पण तेव्हा वेळ गेलेली असते. आणि उन्हाळ्यात, जेव्हा खरे काम करता येते, तेव्हा एकही गोगलगाय दिसत नाही, त्यामुळे कोणाला घाई नसते. 2023 च्या 1 मे रोजीच्या ग्रामसभेत सरपंचांनी हा विषय घेतला. मी तक्ते आणि चित्रे घेऊन गेलो होतो. दहा मिनिटे बोललो आणि माणसे चुळबुळ करू लागली. मग तक्ते बाजूला ठेवले आणि ओढ्याची गोष्ट सांगितली. चुलते समोरच बसले होते, त्यांच्याकडे पाहून सांगितली. सभेत शांतता पसरली, आणि नंतर एकेक जण आपण गोगलगायी कुठे फेकल्या ते सांगू लागला. मी अमेरिकेतल्या फ्लोरिडाची हकिकतही सांगितली. तिथे 1966 साली एका मुलाने हवाईहून तीन शंखी गोगलगायी गमतीने आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांहून अधिक गोगलगायी झाल्या आणि त्यांचे उच्चाटन करायला दहा वर्षे व दहा लाख डॉलर लागले. तीनाच्या अठरा हजार, हा हिशेब माझ्या सर्व तक्त्यांपेक्षा जास्त लक्षात राहिला. एका तरुणाने गोगलगायी खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडावी असे सुचवले. हवाई बेटांवर 1955 साली नेमके हेच केले गेले होते. त्या शिकारी गोगलगायीने शंखी गोगलगाय आवरली तर नाहीच, उलट तिथल्या झाडांवरच्या दुर्मीळ देशी गोगलगायींचा फडशा पाडला. हे ऐकल्यावर तो विषय तिथेच संपला.

खरा प्रश्न त्यानंतर आला, आणि तो मी विचारात घेतलेला नव्हता. खुरपणीला जाणाऱ्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. घरटी एका माणसाने पावसाच्या पहिल्या रात्रींत वेचणीला यावे असा ठराव मांडला जात असताना त्यांतली एक जण उठून म्हणाली, “सर, रान तुमचं, पीक तुमचं. आम्ही दिवसभर राबून पुन्हा रात्रीची झोप मोडायची ती कशापायी?” कोणीतरी तिला गप्प बसवू पाहिले. पण तिचे म्हणणे पूर्णपणे रास्त होते. लोकसहभाग हा शब्द आपण फार सहज वापरतो. ज्यांची जमीन नाही त्यांच्याकडून जमीनवाल्यांचे पीक फुकट राखून घेणे याला सहभाग म्हणता येणार नाही, ती वेठ झाली. त्या प्रश्नामुळे सभा दोन तास लांबली, पण योजना तिथेच उभी राहिली. प्रत्येक जमीनधारकाने एकरी 150 रुपये वर्गणी द्यायची, आणि वेचलेल्या गोगलगायींचे पारावर वजन करून किलोमागे 10 रुपये वेचणाऱ्याला रोख द्यायचे, असे ठरले. वर्गणी सगळ्यांनी दिली नाही. पुण्याच्या मालकांना मात्र फोन केला तेव्हा त्यांनी त्याच दिवशी पैसे पाठवले आणि त्यांच्या तुकड्यातले गवत कापायला, दगड हलवायला परवानगी दिली. त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते.

दुसरी अडचण निराळी होती. आमच्या गावात माळकरी पुष्कळ आहेत. आमच्या भावकीतल्या एका वयोवृद्ध आजोबांनी मला घरी बोलावून सांगितले, “गुरुजी, जीव मारायला माझा हात चालत नाही. मला त्यात धरू नका.” मी त्यांना पिकाचे नुकसान समजावू लागलो, तर त्यांनी मला थांबवले; नुकसान त्यांचेही झाले होते. थोडा वेळ गेल्यावर तेच म्हणाले, “पण त्या कुठं दडून बसतात ते दावतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” मे महिन्यातल्या चार सकाळी ते काठी टेकत माझ्याबरोबर हिंडले. बांधावरच्या घायपाताच्या बुडाशी, विहिरीच्या कट्ट्याच्या सावलीच्या अंगाला, उसाच्या कुजक्या पाचटाखाली, पडक्या गढीच्या भिंतीत, जनावरांच्या हौदामागे, जिथे उन्हाळ्यातही माती थंड राहते अशी प्रत्येक जागा त्यांना ठाऊक होती. घायपाताच्या एका बुंध्याखाली वीतभर उकरले तर एकवीस गोगलगायी निघाल्या, सगळ्यांची तोंडे पांढऱ्या पापुद्र्याने बंद. एवढ्या एकगठ्ठा गोगलगायी पावसाळ्यात तासभर वेचूनही हाती लागत नाहीत. आजोबा तेव्हा तोंड फिरवून उभे राहिले, पण पुढची जागा दाखवायला निघाले.

या जागा शाळेतल्या मुलांनी गावाच्या नकाशावर गट क्रमांकांप्रमाणे मांडल्या. मुलांना गोगलगायींना हात लावू द्यायचा नाही हा नियम मी पहिल्या दिवसापासून कटाक्षाने पाळला. या गोगलगायींत उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या शरीरात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मोठ्यांनीही हातमोजे, चिमटे किंवा हाताला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरायच्या आणि घरी जाण्याआधी साबणाने हात धुवायचे, हे पारावर पाटी लावून लिहिले होते. मुलांचे काम ओळखण्याचे आणि नोंदीचे होते. त्यातूनच एक चूक वेळीच सुधारली. पहिल्या आठवड्यात एका पोत्यात ओढ्यातल्या गोल, फुगीर, हिरवट गोगलगायी आल्या. त्या आपल्या देशी, पाण्यातल्या. त्यांच्या शंखाच्या तोंडाला त्यांचे स्वतःचे टणक झाकण असते, जे शंखी गोगलगायीला नसते. मुग्धबलाक हा करकोचा त्यांच्यावर जगतो. सातवीतल्या दोन मुलींनी झाकण दाखवून त्या वेगळ्या काढल्या आणि ओढ्यात परत सोडल्या. त्यानंतर वजनाच्या काट्याजवळ दोन्ही शंख दोऱ्याला बांधून टांगून ठेवले. या बाबतीत मी फार आग्रही आहे. परकी जीवजात हटवण्याच्या उत्साहात आपण आपलीच जीवजात मारत असू, तर ते काम न केलेले बरे.

2023 चा पाऊस जून संपत आला तेव्हा आला. पहिल्या दमदार सरीनंतर सलग सहा रात्री आम्ही वेचणी केली. गावाचे चार भाग पाडले होते. प्रत्येक भाग एकाच रात्री, बांध आणि पडीक धरून पूर्ण करायचा, कोणाचे शेत मध्येच सोडायचे नाही. रात्री आठ ते अकरापर्यंत शिवारात बॅटऱ्या हलताना दिसत. पारावर काटा, वही आणि रोख पैशांची पेटी असे. माळकरी आजोबांनी वही लिहायचे काम आपणहून घेतले होते. त्यांचे अक्षर सुरेख आहे. कोणी, कोणत्या गटातून, किती किलो, एवढेच ते लिहीत आणि पोत्याकडे पाहत नसत. पहिल्या रात्री 64 किलो भरले, सहाव्या रात्री 11. पोती दोनशे लिटरच्या पिंपांत खडेमिठाच्या दाट पाण्यात रिकामी करायची आणि सकाळी विहिरीपासून लांब खणलेल्या खड्ड्यात चुना टाकून पुरायची. आदल्या वर्षी काहींनी मीठ थेट शेतात फेकले होते, त्याने जमीनच बिघडते, म्हणून मिठाची पोती पाराबाहेर जाऊ दिली नाहीत. त्या पिंपांचा वास मी विसरू शकत नाही. तिसऱ्या दिवशी पिंप रिकामे करायला कोणी पुढे येईना, तेव्हा सरपंच आणि मी ते काम केले आणि पुढेही करत राहिलो.

एक दुःखद गोष्टही घडली. एका शेतकऱ्याने घाईने मेटाल्डिहाइडच्या गोळ्या उघड्यावर ढिगाने टाकल्या आणि त्याच्याच वस्तीवरचा राखणीचा कुत्रा त्या खाऊन तडफडून मेला. ज्या दुकानातून गोळ्या आणल्या तिथे त्याला एकरी किती टाकायच्या एवढेच सांगितले होते. कुत्री, कोंबड्या यांना त्या घातक असतात हे सांगितले नव्हते. हे सांगणे आमचेही काम होते आणि आम्ही चुकलो. त्यानंतर गोळ्या फक्त फुटक्या कौलांखाली, मोजक्या आणि जनावरे जिथे जात नाहीत अशाच ठिकाणी ठेवायच्या, असे ठरले.

जुलैच्या मध्यावर खुरपणी चालू असताना ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्या त्याच ताईंनी मला शेतातून हाक मारली. त्यांच्या खुरप्याने बांधाकडेच्या मऊ मातीत एक ढेकूळ उलटले होते आणि खाली साबुदाण्यासारख्या पांढुरक्या, किंचित पिवळसर अंड्यांचा पुंजका होता. आम्ही ती काडीने वेगळी करून मोजली, 186 भरली. एका गोगलगायीची एका वेळची अंडी! “आता ह्याचे किती किलो धरायचे?” असे त्यांनी विचारले. मी काही बोलण्याआधीच पारावर ठरून गेले की, अंड्यांच्या पुंजक्याला 20 रुपये. पुढच्या तीन आठवड्यांत बायकांनी सत्तरच्या वर पुंजके आणून दिले. खुरपणी करणाऱ्या बाईचे डोळे दिवसभर मातीपासून हातभर अंतरावर असतात. अंडी शोधायला त्यांच्याइतके योग्य कोणीच नव्हते, आणि सगळी आखणी करताना मला हे सुचले नव्हते. त्या वर्षापासून वेचणीचे काम पाहणाऱ्या गावच्या समितीत त्यांच्यातल्या दोघी आहेत आणि वेचणीच्या रात्री कोणत्या ते त्याच ठरवतात.

त्या हंगामात गोगलगायींमुळे दुबार पेरणी कोणालाही करावी लागली नाही. पण याचे सगळे श्रेय मी आमच्या वेचणीला देणार नाही. 2023 मध्ये पाऊसच कमी झाला, ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, आणि कोरड्या वर्षात गोगलगायी आपोआप कमी दिसतात. गावात काही जण तेव्हाच म्हणू लागले की, आता वर्गणीची गरज नाही. 2024 मध्ये जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच चांगला पाऊस सुरू झाला आणि खरी परीक्षा तेव्हा झाली. वर्गणी आदल्या वर्षीपेक्षा कमी जमली, तरी मे महिन्यातली शोधमोहीम पूर्ण केली होती. पहिल्या रात्रीचे वजन 23 किलो आले. ओढ्याच्या काठची तीन-चार शेते सोडली तर सोयाबीनची तासे सलग उभी राहिली. शेजारच्या गावात, जिथे अशी वेचणी झाली नव्हती, त्या वर्षीही बांधाकडेची पिके गेली, आणि त्यांचे व आमचे शिवार एकमेकांना लागून आहे. त्यांच्या ग्रामपंचायतीशी बोलणी चालू आहेत. काटा आणि पिंपे आम्ही द्यायची, वर्गणी त्यांनी जमवायची, असे निम्मे ठरले आहे.

त्याच पावसाळ्यात वृक्षलागवडीसाठी एका रोपवाटिकेतून आमच्या गावाला रोपे आली. ट्रॅक्टर शाळेजवळ थांबला, तेव्हा त्या ताईंनी चालकाला रोपे गावात न नेता डांबरी रस्त्याच्या कडेलाच उतरवायला सांगितली. चालक वैतागला, पाऊस भुरभुरत होता. चार बायकांनी एकेक पिशवी उचलून तिचा तळ पाहिला, कडुनिंबाची, करंजाची, चिंचेची, सगळी मिळून तीनशे रोपे. दोन तास लागले. चिंचेच्या एका पिशवीच्या बुडाशी, प्लॅस्टिकच्या घडीत, नखाएवढ्या दोन गोगलगायी चिकटलेल्या होत्या. त्या रात्री आजोबांनी वहीत तारखेखाली लिहिले: गट क्रमांक नाही, रोपांबरोबर बाहेरून, नग दोन.